चाक मिळाले, पण माती?

आषाढ लागला की आमच्या भाग्यनगरीत बोनालूची गडबड सुरू होते. पहिला मान गोवळकोंड्याचा, मग सिकंदराबादच्या उज्जयिनी महांकाळीचा, मग लाल दरवाजाचा. हळदकुंकवाने माखलेले, कडुनिंबाचा डहाळा खोवलेले मडके डोक्यावर घेऊन बाया देवीकडे निघतात. मडक्यात गूळभात, वर तेवता दिवा. सिकंदराबादेस दुसऱ्या दिवशी ‘रंगम्’ होते. अंगात वारे आलेली स्त्री एका कच्च्या, न भाजलेल्या मडक्यावर उभी राहून वर्षाचे भविष्य सांगते. तेलुगूत त्यास ‘पच्ची कुंड’ म्हणतात. सारी गर्दी तिच्या तोंडाकडे पाहत असते. मी मात्र लहानपणापासून तिच्या पायाखालच्या मडक्याकडे पाहत आलो आहे. आगीचे तोंडही न पाहिलेली ती माती माणसाचा भार पेलते, ती कोणी आणि कशी कमावली असेल, हा माझा जुना प्रश्न आहे.

2014 साली तेलंगण राज्य झाले आणि बोनालू राज्याचा उत्सव ठरला. उत्सवाचा मान वाढला, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु मिरवणुकीत पितळेची आणि स्टीलची बोनमे मला वर्षागणिक अधिक दिसू लागली आहेत. पितळ फुटत नाही, पुढच्या वर्षीही चालते, हे खरे. मग मातीचे मडके हवे कशास, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर केवळ ‘परंपरा’ या एका शब्दाने देता येणार नाही. ते कुंभाराच्या अंगणात बसून शोधावे लागते.

माझे वडील दरबारी गवई. घरात शिस्त मोठी, आणि उन्हाळ्याचा माठ घेणे हा त्या शिस्तीचाच एक भाग. चैत्रात ते मला बरोबर घेऊन कुंभाराकडे जात. रंग पाहत नसत, नक्षी पाहत नसत. माठ डाव्या तळव्यावर तोलून उजव्या हाताच्या बोटाने वाजवीत, डोळे मिटून ऐकत. बद्द वाजला की खाली ठेवीत. खणखणीत वाजला की त्याच्या स्वरात स्वर मिळवून हलकेच गुणगुणत. कुंभारही हसून मान डोलवी. “फुटका घडा आणि खोटा षड्ज, दोन्ही लपत नाहीत,” असे ते मला सांगत. पुढे मी मुलांना गाणे शिकवू लागलो तेव्हा या वाक्याचा अर्थ हळूहळू उलगडत गेला.

घडा वाजतो कसा, हे समजावयाचे तर तो घडतो कसा हे पाहिले पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात शिष्यांना घेऊन मी शहराबाहेरच्या एका गावी कुंभाराकडे दोन दिवस जाऊन बसलो. माती तलावातली. पाणी जेथे संथ होते तेथे बारीक गाळ बसतो. तलाव आटला की तो काढावयाचा. नुसती काळी माती चालत नाही, कारण ती वाळताना आकसते आणि तडकते. म्हणून तीत तांबडी माती आणि बारीक रेती घालावयाची. ढेकळे वाळवून कुटावयाची, चाळावयाची, भिजत घालावयाची आणि मग पायांनी तुडवावयाची. तुडवता तुडवता एखादा खडा टाचेला लागला की म्हातारा थांबे आणि तो अचूक काढून टाकी. राहिलेला खडा भट्टीत घडा फोडतो.

चाकावर घडा पुरा होतो अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. चाकावर होते ते केवळ तोंड, गळा आणि जाड भिंतींचे पोट. दोऱ्याने कापून काढल्यावर ते सावलीत थोडे सुकू द्यावयाचे. मग आतून एका हाताने दगडी गोळ्याचा आधार द्यावयाचा आणि बाहेरून दुसऱ्या हाताने लाकडी थापटण्याने ठोकावयाचे. ठोक्यागणिक भिंत पातळ होत जाते, पोट फुगते, तळ मिटतो. म्हाताऱ्याचे डोळे या वेळी अंगणातल्या कोंबड्यांकडे होते. भिंत कोठे जाड आहे आणि कोठे पातळ, हे त्यास थापटण्याचा आवाजच सांगत होता. माझ्या शिष्यांपैकी तबला शिकणारा मुलगा हे पाहून अवाक् झाला. पूर्वी तबल्याचा डग्गाही मातीचा असे, हे मी त्यास सांगितले तेव्हा त्याला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

घडे सुकले की गेरूचा हात द्यावयाचा, घोटावयाचे आणि आवा रचावयाचा. खाली गोवऱ्या व लाकूड, मध्ये घडे, वर गवत, त्यावर माती आणि राख. आच सावकाश चढली पाहिजे. अंगातले पाणी एकदम उकळले तर घडे तडकतात. हवा खेळती राहिली तर मातीतल्या लोहामुळे रंग तांबडा येतो. हवा कोंडून धूर आत ठेवला तर तीच माती काळी होते. कमी भाजला तर घडा पाण्याने विरघळू लागतो. फार भाजला तर त्याची छिद्रे मिटतात. मग पाणी पाझरत नाही, वाफ होऊन उडत नाही आणि म्हणून गारही होत नाही. या दोहोंच्या मधली जागा कुंभार कानाने ओळखतो. निवलेल्या आव्यातून घडा काढला की पहिले काम म्हणजे त्यावर टिचकी.

ही टिचकी मराठी माणसाला नवी नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी मुक्ताबाईच्या सांगण्यावरून थापटण्याने संतमंडळींची डोकी तपासली आणि नामदेवांस कच्चे मडके ठरविले, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. ते तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे. 1956 पर्यंत ते आमच्या हैदराबाद राज्यातच होते. प्राचीन तगर ते हेच. सातवाहन काळातल्या तेथल्या मृण्मूर्ती लामतुरे संग्रहालयात पाहावयास मिळतात. पैठणच्या शालिवाहनाने मातीचे सैनिक करून त्यांत प्राण फुंकले अशी दंतकथा आपण गुढीपाडव्याला सांगतो, आणि तेलंगणातले कुम्मरी बांधव आजही स्वतःस शालिवाहन म्हणवितात. भाषा दोन, माती एकच.

दक्षिणेत या कानाची कदर झालेली आहे. तमिळनाडूतल्या मानामदुरैचे घटम कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाने बसते, आणि ते घडविणाऱ्या तेथील कुंभार स्त्रीस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेला आहे. साज करणाऱ्या हातांचा सन्मान झाला, याचे एका संगीतशिक्षकास अप्रूप वाटणारच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सरकार कुंभारांना विसरले आहे, असे मी म्हणणार नाही. 2018 साली खादी ग्रामोद्योग आयोगाने विजेची चाके वाटण्याची योजना काढली. 2023 च्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे. विजेच्या चाकाविरुद्ध माझी तक्रार नाही. मी स्वतः वर्गात विजेचा तंबोरा लावतो आणि त्याने माझे शिकविणे बाटलेले नाही. काठीने चाक फिरवून म्हाताऱ्याचे खांदे गेले. त्याच्या मुलाचे जाऊ नयेत. परंतु निघताना त्या म्हाताऱ्याने मला दख्खनीत जे विचारले ते अजून कानात आहे: “पंतुलुगारू, चाक तो मिल गया, मट्टी कां से लाऊँ?”

त्याच्या गावचा तलाव आता अर्धा उरला आहे. बाकीच्या अर्ध्यावर प्लॉट पडले. माती आता ट्रॅक्टरने, लांबून आणि विकत येते. ही कथा त्या एका गावची नाही. काकतीयांच्या काळापासून तेलंगण हा तलावांचा मुलूख. हैदराबादचा हुसेनसागर 1562 चा. शहर वाढले आणि त्याच्या पोटात कित्येक तलाव गडप झाले. तलाव बुजला की पाणी गेले म्हणून आपण हळहळतो. त्याबरोबर माती गेली हे कोणाच्या ध्यानात येत नाही. 2015 पासून ‘मिशन काकतीय’खाली हजारो तलावांतला गाळ उपसला गेला आणि शेतांवर पडला. ते योग्यच झाले. पण त्या गाळात कुंभाराचा वाटा किती, हे कोणी विचारले काय? 2024 मध्ये तलावांवरची अतिक्रमणे हटविण्यासाठी ‘हैड्रा’ ही यंत्रणा उभी राहिली. मोकळ्या झालेल्या तलावाच्या काठी फिरावयास रस्ता आणि बसावयास बाके होतील. कुंभाराच्या गाडीसाठीही एक वाट ठेवता येणार नाही काय?

बलुतेदारीत अन्याय पुष्कळ होता आणि ती गेली ते बरेच झाले. मात्र तीत एक गोष्ट गृहीत होती: गावच्या तलावातली माती कुंभाराची. बलुते गेले, त्याबरोबर हा हक्कही गेला, आणि त्याच्या जागी आपण दुसरे काही ठेवले नाही. माझे मागणे लहान आहे. प्रत्येक गाळ-उपशात गावच्या कुंभारांसाठी मोजून काही ब्रास माती विनामूल्य राखावी, आणि जिवंत तलावाचा एक कोपरा त्यांच्या नावे लिहून द्यावा. याला खर्च जवळजवळ नाही.

आणि आपले काय? मी ज्या शाळेत शिकवितो तेथील व्हरांड्यातले दोन माठ काही वर्षांपूर्वी हलले आणि त्या जागी प्लॅस्टिकचा जार आला. मी रोज त्यातले पाणी प्यालो आणि बोललो नाही. ही माझी चूक. या चैत्रात मी एक माठ स्वखर्चाने नेऊन ठेवला. निवडावयास मुलांना बरोबर नेले होते. त्यांनी चौदा माठ वाजविले आणि पंधरावा घेतला. आता ती येता-जाता त्यावर टिचकी मारून स्वर ओळखतात. एक दिवस तो त्यांच्या हातून फुटेलही. फुटू द्यावा. फुटला तर नवा आणावयास पुन्हा कुंभाराकडे जावे लागेल. पितळेच्या घागरीने ही वाट बंद होते. मातीचे मडके ती चालू ठेवते. बोनालूस, संक्रांतीच्या सुगडांस, अक्षय्यतृतीयेच्या घटास मडके मातीचेच का, याचे उत्तर मला असे मिळाले. ती वाट चालू राहावयाची तर तिच्या दुसऱ्या टोकाला तलाव जिवंत असावा लागतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.