टाकीवर बसलेलं लेकरू

नागपूरच्या हिवाळ्यात मोटारसायकल चालवणाऱ्याला वाऱ्यापासून वाचवणारी सगळ्यात स्वस्त वस्तू कोणती, असं कोणी विचारलं तर मी सांगेन, त्याचं स्वतःचं पोरगं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पावणेसातला मनीषनगरच्या कोणत्याही चौकात उभे राहा आणि बघा. बापाने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, हेल्मेटच्या जागी मफलर. मागे सहावी-सातवीतली मुलगी. आणि पुढे पेट्रोलच्या टाकीवर तिचा धाकटा भाऊ. अंगात शाळेचा पातळ स्वेटर, डोक्यात कानटोपी, गुडघे उघडे, डोळ्यांतून पाणी वाहतंय. बापाची छाती गरम आहे, कारण तिच्यासमोर एक भिंत बसली आहे. ती भिंत पाच वर्षांची आहे.

मुद्दाम कोणी असं करत नाही, हे मला माहीत आहे. विचारलं तर उत्तरं तयार असतात. "सर, मागे बसवलं तर झोपून जाते." "सर, पुढे असलं की नजरेसमोर राहते." "सर, इथं पुढेच त जायचं आहे." वीस वर्षं शाळेच्या फाटकाशी उभा राहून मी ही तिन्ही उत्तरं मराठीत, उर्दूत आणि दोन्हींच्या खिचडीत ऐकली आहेत. यातलं एकही उत्तर थंडीबद्दल नाही. पोराला थंडी वाजते का, हा प्रश्न कोणाला पडतच नाही, कारण त्याला कानटोपी घातलेली असते. कानटोपी घातली की आपली जबाबदारी संपली, असा एक अलिखित करार आपल्या शहरात आहे.

आता वाऱ्याचा हिशोब बघू. पारा सांगतो ते तापमान थांबलेल्या हवेचं. हवा अंगावरून वेगाने गेली की कातडीजवळचा गरम हवेचा थर उडवून नेते आणि शरीर जास्त वेगाने थंड होतं. हे पहिल्यांदा मोजून पाहिलं ते अंटार्क्टिकावर, पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल या दोघांनी. वाऱ्यात टांगलेल्या भांड्यातलं पाणी किती वेळात गोठतं ते त्यांनी पाहिलं. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवं सूत्र ठरवलं, तेच आज वापरतात. त्यात आपले आकडे टाकून पाहा. बाहेर ८ अंश आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे उघड्या चेहऱ्याला ती थंडी साधारण ३ अंशांची. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता. तो मोजणारी वेधशाळा काही लांब नाही, वर्धा रोडच्या पलीकडे सोनेगावला विमानतळावर आहे. त्या सकाळी ४० च्या वेगाने जाणाऱ्याच्या तोंडावर शून्याच्या दोन-तीन अंश खालची थंडी आदळत होती. हे गणित मोठ्या माणसाच्या चेहऱ्याचं आहे. लहान मुलाचं वजन कमी आणि त्या मानाने कातडीचा पसारा जास्त, म्हणून त्याची ऊब मोठ्यांपेक्षा लवकर जाते. शिवाय ते हलत नाही, दोन्ही हातांनी आरशाची दांडी धरून गप्प बसलेलं असतं.

इथे एक जण हमखास म्हणतो, "आम्हाला नाही का आमचे अब्बा सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे? काय झालं आम्हाला?" सायकल ताशी बारा किलोमीटरने चालते, भाईजान. त्याच ८ अंशांची थंडी सायकलवर ६ च्या आसपास लागते. अब्बा पायडल मारून स्वतः गरम राहायचे, त्यांना आडोशाची गरज नव्हती. मोटारसायकलवर बाप नुसता मूठ पिळतो.

वाऱ्याचं हे कळलं की कपड्यांचा सगळा विचार बदलतो. आपण दरवर्षी तिबेटी स्वेटरवाल्यांच्या बाजारात जातो, घासाघीस करतो, जाड लोकर निवडतो. लोकर उत्तमच. पण लोकरीची ऊब तिच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या थांबलेल्या हवेची असते, आणि विणीच्या भोकांतून चाळीसच्या वेगाने वारा घुसला की ती हवा तिथे राहतच नाही. म्हणून एकावर एक तीन स्वेटर घालूनही गाडीवर हुडहुडी भरते. वर काहीतरी असं हवं ज्यातून वारा आत येणार नाही. त्यासाठी सात-आठ हजारांचं रायडिंग जॅकेट लागतं, हा कंपन्यांचा प्रचार आहे. आपल्या प्रत्येक घरात माळ्यावर रेनकोट पडलेला असतो. चार महिने पाऊस अडवला, आता वारा अडवू द्या. आत एक स्वेटर, वर रेनकोट, शक्य असेल तर पँटही. जॅकेट उलटं, म्हणजे चेन पाठीवर घेऊन घालणाऱ्यांना लोक हसतात. त्यांचं डोकं जागेवर आहे, चेनीतून येणारा वारा त्यांनी छातीवर येऊ दिलेला नाही.

ज्याच्याकडे रेनकोटही नाही त्याने शर्ट आणि स्वेटरच्या मधे वर्तमानपत्र घालावं. डोंगर उतरताना फ्रान्समधले सायकल शर्यतीचे खेळाडू हेच करत आले आहेत. (आपल्याकडे उर्दू पेपर लोक वापरणार नाहीत, त्यात अल्लाहचं नाव असतं म्हणून. मग मराठी पेपर घ्या. दोन भाषा शिकल्याचा हा एक फायदा मी वर्गात सांगत नाही, इथे सांगतो.)

डोक्याचं म्हणाल तर तोंड पूर्ण झाकणाऱ्या हेल्मेटएवढी गरम टोपी बाजारात दुसरी नाही. कान, गाल, हनुवटी, कपाळ, सगळं आत. जी माणसं उन्हाळ्यात "गरम होतं" म्हणून हेल्मेट घालत नाहीत, तीच डिसेंबरात मफलर बांधून फिरतात. यांना नेमकं हवं तरी काय? काचेवर वाफ धरते ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे काच बोटभर उघडी ठेवणं आणि नाकावरचा रुमाल थोडा खाली घेणं, कारण रुमालामुळे श्वास वर काचेकडे जातो. आपल्या काही नमाजी भावांना वाटतं की टोपी आहे तर हेल्मेट कशाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये सूट पगडीधारी शिखांना आहे. आपल्या टोपीला नाही, आणि मागायचं कारणही नाही. जाळीची टोपी हेल्मेटच्या आत आरामात मावते.

आणि बोटं. बधिर बोटं ब्रेक उशिरा दाबतात. चाळीसच्या वेगाला गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर झाला की साडेपाच मीटर गेले, म्हणजे समोरच्या गाडीत घुसायला पुरेसे. मनीषनगरच्या उड्डाणपुलावर चढलं की दोन्ही बाजूंनी काही आडोसा नसतो, तिथे हे आधी जाणवतं. हातमोजे नसतील तर त्या दिवशी हळू चालवा, एवढं तर फुकट आहे.

आता आपल्या घरातलं बोलतो, कारण हा ब्लॉग वाचणारे बरेच जण फज्रला गाडी काढतात. चोवीस तासांत सगळ्यात थंड वेळ सूर्योदयाच्या आसपासची असते, आणि फज्रची जमात बरोबर तिच्या आधी. घरी वुजू करून निघणं सवाबाचं आहे, यात वाद नाही. पण ओले हात, ओली दाढी, ओले पाय चपलेत घालून, पाठीमागे आठ वर्षांचा मुलगा तसाच ओला बसवून वाऱ्यात निघणं, हे दीनमध्ये कुठे सांगितलं आहे? ओल्या कातडीवरून पाणी उडून जाताना अंगातली ऊब घेऊन जातं. घरातून निघायच्या आधी टॉवेलने पुसा. पुसायला मनाई नाही.

आपल्या शरीअतने थंडीला कधी हलक्यात घेतलेलं नाही. चामड्याच्या मोज्यांवर मसह करायची सवलत मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस आहे. पूर्ण वुजू करून ते मोजे घातले की पुढच्या वुजूला पाय धुवायची गरज नाही. हनफी फिकहात साध्या सुती मोज्यांवर हे चालत नाही, म्हणून चामड्याचे घ्या. मोमिनपुऱ्यात जाल तेव्हा बघा, गाडीवर तसेही तेच मोजे उपयोगाचे. आणि ज्यांना सवलत घेणं म्हणजे इमान कमजोर वाटतं, त्यांनी हजरत अम्र इब्न आस यांचा जातुस्सलासिलच्या मोहिमेतला किस्सा आठवावा. कडक थंडीच्या रात्री गुस्ल फर्ज झालं. थंड पाण्याने जिवाला धोका वाटला. त्यांनी तयम्मुम करून साथीदारांची नमाज पढवली. नंतर हुजुरांनी विचारलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं, आणि हुजूर हसले, त्यांना काही बोलले नाहीत. हा किस्सा बयानात ऐकून सुभानअल्लाह म्हणायचं आणि बाहेर येऊन ओल्या पोराला टाकीवर बसवायचं, हे मला समजत नाही. सफरची दुआ पढून गाडी सुरू करतो, ते चांगलंच आहे. पण उंट आधी बांधायचा असतो, तवक्कुल त्यानंतर. हे आपल्या मकतबातल्या मुलांनाही पाठ असतं.

बायकांच्या बाबतीत वेगळा धोका आहे. बुरख्यावर शाल, शालीवर आणखी ओढणी, आणि एका बाजूला पाय सोडून बसणं. थंडीत कपड्यांची टोकं वाढतात आणि चाक तिथेच फिरत असतं. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी असावी, असा मोटार वाहन नियमांत नियम आहे, क्रमांक १२३. नवी गाडी आणल्यावर पोरं ती जाळी "लुक बिघडतो" म्हणून काढून फेकतात आणि त्याच गाडीवर अम्मीला बसवतात. शालीची टोकं पोटाशी खोचा किंवा वरून रेनकोट घाला. (हिवाळ्यात नागपुरातली प्रत्येक दुसरी मुलगी स्कार्फने डोळ्यांपर्यंत चेहरा बांधून स्कूटी चालवते आणि कोणालाही त्यात धर्म दिसत नाही. तोच कपडा कॉलेजच्या फाटकाशी आला की का दिसतो, यावर पुन्हा कधीतरी.)

परत टाकीकडे येतो. कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ म्हणतं की दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस, आणि तोही चालवणाऱ्याच्या मागच्या सीटवर. म्हणजे टाकी ही बसायची जागाच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं झालं. त्याहून लहान मुलांसाठी २०२२ मध्ये नियम निघाला. नऊ महिने ते चार वर्षांचं मूल असेल तर हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा आणि वेग चाळीसच्या आत. कायदा म्हटलं की लोक दंडाचं बोलतात. दंड बाजूला ठेवा. अचानक ब्रेक लागला तर टाकीवरच्या मुलाचं तोंड मीटरवर जातं आणि मागून बापाचं सत्तर किलो वजन त्याच्या पाठीवर येतं. मागे बसलेल्या मुलासमोर बापाची पाठ असते. तीच पाठ वाराही अडवते. झोप येत असेल तर त्या पट्ट्याने बांधा, तो पाच-सहा वर्षांच्या मुलालाही चालतो.

"दोन मुलं असतील तर काय करायचं?" दोन खेपा करा, नाहीतर एकाला ऑटो लावा. हे सांगणं सोपं आहे आणि महिन्याचा हिशोब अवघड, हे मला ठाऊक आहे. गरिबाला कायदा सांगू नका, असं मला सुनावलं जातं. पण मी जे बघतो त्यात टाकीवर मूल बसवणाऱ्यांच्या गाड्या लाखाच्या असतात आणि हँडलवर फोनचा स्टँड असतो. हेल्मेट फक्त पोलिसाच्या चौकापुरतं कोपरात अडकवलेलं असतं.

बापांना बोललो, आता आमच्या बिरादरीला, म्हणजे मास्तर लोकांना. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरलं. कारण झोपेचं दिलं होतं, पण त्याचा फायदा थंडीलाही व्हायला हवा होता. झाला का? पाचवीपासून पुढे सकाळची पाळी तशीच आहे. ताईला सातच्या आत सोडायचं, मग अब्बांची ड्यूटी आठची, म्हणून नऊच्या शाळेचा धाकटाही त्याच गाडीवर निघतो आणि नानीकडे किंवा शाळेच्या ओट्यावर दोन तास काढतो. वेळ कागदावर बदलली, घरातून निघायची वेळ तीच राहिली. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांना खोल्याच कमी आहेत, त्यांना वेळ बदला म्हणणं म्हणजे खोल्या बांधून द्या म्हणणं आहे, आणि ते कोणी म्हणत नाही. निदान डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने सकाळची पाळी आठला भरवायला काय हरकत आहे?

त्याहून लाजिरवाणी गोष्ट गणवेशाची. एका शाळेच्या फाटकाशी मी पाहिलं, सहावीतल्या मुलाला वर घातलेलं विंडचीटर बाहेरच काढायला लावलं, कारण त्याचा रंग शाळेचा नव्हता. मुलगा दहा किलोमीटर गाडीवर आला होता. दुसऱ्या दिवशी तो विंडचीटर न घालता आला, कारण नियम त्याला बरोबर कळला होता. थंडीत गाडीवर येणाऱ्या मुलाने वरून काय घालायचं यात शाळेने नाक खुपसू नये. फाटकाच्या आत आल्यावर काढायला सांगा.

मुख्याध्यापक म्हणतात, एवढे रेनकोट आणि जॅकेट ठेवायचे कुठे. वर्गाबाहेर खुंट्यांवर. जुलैत तिथेच टांगतात ना?