या कुलगुरूंना नकाशा वाचता येतो काय?

स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन विद्यापीठे पॅसिफिक महासागराच्या कुशीत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला टेकून उभी आहेत. ऑगस्ट २०२४ पासून ती 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये (एसीसी) खेळतात! नोबेल मानकऱ्यांची रांग लागलेल्या या संस्थांत नकाशा वाचू शकणारा एकही माणूस नसेल, यावर आमचा विश्वास बसत नाही. त्याला कुणी विचारले नाही, एवढेच. त्याच यादीत डॅलसचे सदर्न मेथडिस्ट विद्यापीठही आहे. डॅलसच्या माणसाला कुठलाही समुद्र पाहायचा तर निदान चारशे किलोमीटर गाडी हाकावी लागते, आणि तिथे जे दिसते ते मेक्सिकोचे आखात. 'बिग टेन'मध्ये अठरा विद्यापीठे आहेत, 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये सोळा. भूगोल बुडाला, पाठोपाठ अंकगणित बुडाले, आणि हा सारा कारभार करतात कोण? तर विद्येचे राखणदार म्हणवणारे कुलगुरू!

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलशी, म्हणजे डोक्यावर शिरस्त्राण चढवून चेंडू काखोटीला मारून धावण्याच्या त्या खेळाशी, ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. (आमच्या पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतली पोरे लॉस एंजेलिसला नि ॲरिझोनाला शिकतात, आणि सुटीत घरी येतात तेव्हा त्यांच्या अंगातल्या सदऱ्यावर याच संघांची चिन्हे असतात, तेव्हा विषय अगदीच परका नाही.) कॉन्फरन्स म्हणजे शेजारपाजारच्या विद्यापीठांनी खेळापुरता बांधलेला गोतावळा. शनिवारी जाऊन भांडून यावे आणि सोमवारी आपल्या वर्गात बसावे, इतक्या अंतरावरचा. पॅसिफिक किनाऱ्यावरचा असा गोतावळा १९१५ साली पोर्टलंडमध्ये चार विद्यापीठांनी बांधला: कॅलिफोर्निया (म्हणजे बर्कली), वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि आजचे ओरेगॉन स्टेट. त्याची नावे बदलत गेली, पुढे तो 'पॅक-१२' झाला. नाना खेळांतली पाचशेहून अधिक राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. शंभराहून जास्त वर्षांचा हा संसार ४ ऑगस्ट २०२३ या एका शुक्रवारी उधळला गेला. त्या दिवशी ओरेगॉन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे पळाले. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनी बिग ट्वेल्व्हचा उंबरठा गाठला. महिनाभरात स्टॅनफर्ड-बर्कलीही निघाले. मागे उरली दोनच: कोर्व्हॅलिसचे ओरेगॉन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्या गावात टीव्हीचे गिऱ्हाईक थोडे!

या पांगापांगीची सुरुवात विश्वासघाताने झाली. जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग ट्वेल्व्हला दगा देऊन आग्नेयेकडच्या एसईसीशी पाट लावला. तेव्हा बाकीच्यांच्या पोटात गोळा आला. २४ ऑगस्ट २०२१ रोजी बिग टेन, एसीसी आणि पॅक-१२ या तिघांनी मोठ्या गंभीर चेहऱ्याने एकजुटीची शपथ जाहीर केली. कागदावर सही केली काय? नाही. सभ्य माणसांना सही लागत नाही म्हणाले; शब्द पुरे. तो शब्द दहा महिने सहा दिवस टिकला. ३० जून २०२२ रोजी याच बिग टेनने पॅक-१२ च्या घरातली दोन सर्वांत मोठी भांडी, लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए, उचलून नेली. पुढच्याच ऑगस्टमध्ये त्याने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा करार वाजवून घेतला. शपथ कशासाठी होती ते तेव्हा कळले. दरोडा पडेपर्यंत शेजाऱ्याने कडी लावू नये, यासाठी!

यूसीएलएचा प्रकार तर सख्ख्या भावाला लुटण्याचा. यूसीएलए आणि बर्कली ही एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाची, एकाच रीजंट्स मंडळाच्या ताब्यातली, म्हणजे एका आईची दोन लेकरे. धाकटा थोरल्याला वाऱ्यावर सोडून निघाला. मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये अकरा विरुद्ध पाच मतांनी त्याला जाऊ दिले आणि मे २०२४ मध्ये त्याने थोरल्याला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत असे ठरवले. पोटगीच्या इंग्रजी शब्दावर कोटी करून लोकांनी या रकमेला 'कॅलिमनी' म्हटले. सरकारी विद्यापीठावर भावाला पोटगी द्यायची वेळ यावी, याहून मोठा विनोद आम्हाला सुचला नसता.

आणि ही पोटगी घेऊन बर्कली गेले कुठे? अटलांटिकच्या दारात, उष्ट्या ताटावर. पहिली सात वर्षे स्टॅनफर्ड आणि बर्कली यांना टीव्हीच्या उत्पन्नातला तीस टक्केच वाटा. सदर्न मेथडिस्टने तर नऊ वर्षे त्यातला एक छदामही घेणार नाही असे लिहून दिले! याच विद्यापीठाचा फुटबॉल १९८७ साली कॉलेज खेळांची देशव्यापी नियामक संस्था एनसीएए हिने बंद पाडला होता, का, तर खेळाडूंना चोरून पैसे दिले म्हणून. तेव्हा पोरांच्या खिशात डॉलर सापडले तर फाशी. आज विद्यापीठ स्वतः फुकट राबायला तयार, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर खेळाडूंना वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर उघड वाटायला मोकळीक. बरे, ज्या घरात ही पाहुणी मंडळी शिरली, त्या घरातून फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन हे दोन थोरले बाहेर पडायला दरवाजे बडवत होते. दोघांनीही आपल्याच कॉन्फरन्सला कोर्टात खेचले होते. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. तडजोडीने मन जुळते, असे आम्ही अजून पाहिलेले नाही.

रोगाचे मूळ जुने आहे. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी टीव्हीच्या हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली. खटला ओक्लाहोमा विद्यापीठाने चालवला होता. त्या दोन विरोधी मतांपैकी एक होते बायरन व्हाइट यांचे. तरुणपणी कोलोराडोकडून खेळून देशभर गाजलेला हा न्यायमूर्ती; त्या पीठात मैदानाची माती अंगाला लागलेला माणूस. हा खेळ शिक्षणाचा भाग आहे, तो साबणाच्या वडीसारखा विकायचा माल नव्हे, अशी त्यांची धारणा होती. ते हरले. निकालाला कायद्याचा आधार होता, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या दिवसापासून विद्यापीठाची किंमत त्याच्या गावात टीव्हीसंच किती यावर ठरू लागली. १९१४ पासून चाललेली साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये मेली ती त्याच तापाने.

पॅक-१२ च्या गळ्यात आम्ही हुतात्म्याचा हार घालायला तयार नाही. २०१० साली हिच्या कारभाऱ्यांनी टेक्सास-ओक्लाहोमासकट अर्धे बिग ट्वेल्व्ह पळवायचा घाट घातला होता; हाती लागले ते कोलोराडो, आणि सोबत युटा. स्वतःची टीव्ही वाहिनी काढली, तर ती डायरेक्टीव्हीवर कधी दिसलीच नाही. आणि आता? मागे उरलेल्या दोघांना २०२४ च्या हंगामात सामने देऊन ज्या माउंटन वेस्टने हात दिला, तिच्याच घरातून त्यांनी बॉईसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोराडो स्टेट ओढून नेले. सासुरवाशीण सासू झाली!

या सगळ्याची किंमत भरते कोण? फुटबॉलवाले भाड्याच्या विमानाने जातात, हंगामात जेमतेम डझनभर सामने. पण कॉन्फरन्स बदलली की फुटबॉलच्या शेपटाला बांधून सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, टेनिस, सारेच फरफटत जातात. लॉस एंजेलिसच्या मुलीने न्यू जर्सीत बिग टेनच्याच रटगर्सशी खेळायला सुमारे चार हजार किलोमीटर जायचे, तीन तासांचा कालफरक अंगावर घ्यायचा आणि विमानात पेपरचा अभ्यास करायचा. तिचा सामना फॉक्सला नको, सीबीएसला नको. ती जाते ती निव्वळ फुटबॉलच्या लगेजबरोबर.

तेव्हा कुणी कुठे जावे, हे आम्हीच सांगतो. यूएससी, यूसीएलए, स्टॅनफर्ड, बर्कली, ओरेगॉन, वॉशिंग्टन यांनी निमूट पश्चिमेला परतावे. टीव्हीच्या पैशावाचून जीव जात असेल तर फुटबॉलला खुशाल देशभर हिंडवा, नोट्रे डेम नाही का फुटबॉलपुरते एकटे राहून बाकी बहुतेक खेळ एसीसीत खेळत? पण बाकीच्या पोरापोरींना घरी ठेवा. मेरीलँड एसीसीचे संस्थापक, २०१४ मध्ये फुटून गेले, त्याने मागल्या दाराने का होईना, आत यावे. ॲपलाचियाच्या डोंगरातले वेस्ट व्हर्जिनिया बिग ट्वेल्व्हमध्ये, टेक्सासच्या माळरानावर काय करते, हे त्यालाही ठाऊक नसावे. कोलोराडो तेवढे जुन्या घरी परतले, तेही भाकरीचा वास आला म्हणून. एक गोष्ट मात्र मान्य करू: टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा २०११ पासून बंद पडलेला सामना ३० नोव्हेंबर २०२४ ला पुन्हा झाला, तो याच धुमश्चक्रीमुळे. पण त्याच हिशेबात ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची शंभर वर्षांवरची लढत नोव्हेंबर २०२३ ला थांबली. शेवटचा सामना धाकट्या ओक्लाहोमा स्टेटने २७-२४ असा जिंकला, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

आणखी एक नोंदवतो. वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट, म्हणजे 'ॲपल कप', नोव्हेंबरच्या थंडीत हंगामाच्या शेवटी व्हायचा. थोरले बिग टेनला गेल्यावर तो सप्टेंबरच्या उन्हात ढकलला गेला. १४ सप्टेंबर २०२४, सिएटल. कुणालाच नको असलेले पुलमनचे संघवाले साडेचारशे किलोमीटरवरून आले. मिनिटभराच्या आसपास वेळ उरला असताना वॉशिंग्टन गोलरेषेपासून एका यार्डावर होते, चौथा आणि अखेरचा प्रयत्न. बिग टेनचा सगळा पैसा त्या एका यार्डामागे उभा होता. पुलमनच्या पोरांनी धावणाऱ्याला तिथेच आडवा केला. २४-१९.