आम्ही बौद्ध आहोत. मग घटनेच्या लेखी हिंदू का?

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने वसलेल्या आनंदनगरात नुकताच एका नवदीक्षित कुटुंबात मंगलपरिणय झाला. होम नाही, सप्तपदी नाही, मुहूर्त नाही, हुंडा नाही. वधूवरांनी त्रिसरण-पंचशील ग्रहण केले, तथागताच्या व परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रतिमांस पुष्पे वाहिली, आणि विवाह झाला. पुढे कागदपत्रांचा विषय निघाला तेव्हा मुलीच्या वडिलांनी ओळखीच्या वकिलांस विचारले, "हे लग्न कोणत्या कायद्याखाली लागले म्हणायचे?" वकील म्हणाले, "हिंदू विवाह कायदा, १९५५." वडील क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, दीक्षेच्या दिवशी मी हिंदू धर्म सोडल्याची प्रतिज्ञा चारचौघांत घेतली. ती प्रतिज्ञा खोटी, की हा कायदा खोटा?"

वकिलांपाशी उत्तर नव्हते. ते देण्याचा प्रयत्न आम्ही करतो, कारण असा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक बौद्ध घरात विचारला जाणार आहे.

हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्याच कलमात तो बौद्ध, जैन व शीख यांस लागू असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. वारसा, दत्तक व पालकत्व यांविषयीचे १९५६ चे तिन्ही कायदे त्याच वाटेने गेले. परंतु हे सर्व होण्यापूर्वीच, म्हणजे १९५० साली अंमलात आलेल्या घटनेत, ही वाट आखली गेली होती. कलम २५ प्रत्येकास सदसद्विवेकाचे आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. ज्या कलमाच्या बळावर आमची धम्मदीक्षा निर्भयपणे उभी आहे, ते हेच. पण त्याच्या दुसऱ्या खंडात, सामाजिक सुधारणेसाठी व सार्वजनिक हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांस खुल्या करण्यासाठी राज्याला कायदा करता येईल, असे म्हटले आहे. आणि कलमाच्या शेवटी 'स्पष्टीकरण दुसरे' जोडून त्या ठिकाणी 'हिंदू' ह्या शब्दात शीख, जैन व बौद्ध धर्म मानणाऱ्यांचाही समावेश होतो असे सांगितले आहे. वर स्वातंत्र्य दिले, आणि तळाशी आमचे नाव दुसऱ्याच्या दप्तरात चढविले! आमचा आक्षेप ह्या स्पष्टीकरणास आहे आणि ते रद्द व्हावे अशी आमची मागणी आहे.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते, की ही केवळ व्याख्येची बाब आहे, तिने कोणाचे काय बिघडते? काय बिघडले ते एका निवडणुकीला विचारावे. १९६२ च्या निवडणुकीत एका राखीव जागेवरून डी. पी. मेश्राम महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला आहे, सबब ते अनुसूचित जातीचे उरले नाहीत, असा अर्ज त्यांच्याविरुद्ध झाला. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाचा तिसरा परिच्छेद त्या वेळी हिंदू व शीख यांवाचून कोणासही अनुसूचित जातीचा मानावयास तयार नव्हता. मेश्रामांच्या बाजूने सांगण्यात आले, की घटनेचे कलम २५ बौद्धांस हिंदूंतच गणते, तर मग बौद्धाची राखीव जागा कशी जाईल? सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली निकाल दिला, की ती विस्तारित व्याख्या कलम २५ मधील त्या एका उपखंडापुरतीच आहे, अन्यत्र नाही. आदेशातील हिंदू धर्मात बौद्ध धर्म येत नाही.

न्यायालयाने कायदा जसा होता तसा वाचला. त्यास दोष देण्याचे कारण नाही. परंतु परिणाम काय झाला तो पाहावा. आमच्या विहारांवर कायदा करावयाचा असेल तर आम्ही हिंदू. आमची लग्ने, आमचे वारस, आमची दत्तके ठरवावयाची असतील तर आम्ही हिंदू. आणि शतकानुशतकांच्या अन्यायाची भरपाई म्हणून दिलेली जागा मागावयाची असेल, तर मात्र आम्ही हिंदू नव्हे! महाराष्ट्र राज्याने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांस दिल्या. केंद्राने मात्र १९५६ पासून १९९० पर्यंत, तब्बल चौतीस वर्षे, दार लावून घेतले. १९५६ साली दीक्षा घेतलेल्या तरुणाचे केसही त्या अवधीत पांढरे झाले. १९९० साली आदेशात 'बौद्ध' हा शब्द घातला गेला. तोही बौद्ध हा वेगळा धर्म आहे हे मान्य करूनच घालावा लागला, हे विसरू नये. (ख्रिस्ती व मुसलमान झालेले आमचे बांधव त्या दाराबाहेर अजून उभे आहेत. आपल्याला आत घेतले म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरविणे बौद्धाला शोभणारे नाही.)

हा खेळ जुन्या काळापुरता होता असेही कोणी समजू नये. शेजारच्या गुजरातने २००६ साली आपल्या धर्मांतरविषयक कायद्यात दुरुस्ती आणून बौद्ध व जैन यांस हिंदू धर्माचेच पंथ ठरविण्याचा घाट घातला. ते विधेयक राज्यपालांनी परत पाठविले. त्याच गुजरातच्या गृहखात्याने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून कळविले, की बौद्ध धर्म हा वेगळा धर्म आहे, सबब हिंदू धर्मातून त्यात जाणाऱ्यांस जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. अठरा वर्षांपूर्वी बौद्ध हिंदूंतच होते, तेव्हा आमचे वेगळेपण नाकारावयाचे होते. आता आम्ही वेगळे झालो, कारण आता दीक्षेपूर्वी परवानगीचा अर्ज मागावयाचा आहे! केंद्र सरकारने १९९३ साली बौद्धांस अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले आहे, तरी मूळ घटनेतला तो शब्द जागच्या जागी आहे. तो तेथे आहे तोवर प्रत्येक सरकारास आपल्या सोयीचा बौद्ध निवडता येईल.

ह्या स्पष्टीकरणाचा उगम समजून घेतला पाहिजे. ते मंदिरप्रवेशाच्या युगाचे अपत्य आहे. आमच्याच परिसराचे पाहा. १९२७ साली बदलापूरला शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले. त्या काळी हिंदू समाजाने आपले घर सुधारावे, त्यात आम्हांस माणूस म्हणून जागा द्यावी, ही आशा सुटली नव्हती. महाड झाले, काळाराम झाले, आणि १९३५ साली येवल्यास बाबासाहेबांनी त्या घराचा निरोप घेण्याचा निर्धार जाहीर केला. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, शिलाहारांच्या काळचे. त्याचे शिल्प पाहावयास आमची मुलेही जातात आणि अवश्य जावीत. पण त्याच्या गाभाऱ्याचे दार कोणासाठी उघडे आणि कोणासाठी बंद, हा आमचा धार्मिक प्रश्न आता उरलेला नाही. ज्यांस देवळात जावयाचे आहे अशा हिंदू बांधवांस कलम २५ ने दिलेला तो आधार राहो. आमच्या विहाराचे दार मुळातच सर्वांस उघडे आहे. त्यासाठी त्यास हिंदू संस्था म्हणविण्याची गरज काय? बोधगयेचे उदाहरण डोळ्यांपुढे आहेच. १९४९ चा तेथील कायदा ह्या स्पष्टीकरणातून निघालेला नाही हे खरे. पण वृत्ती तीच. तथागताच्या संबोधीच्या स्थळी व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू, आणि वर जिल्हा दंडाधिकारी. तोही २०१३ पर्यंत हिंदूच असला पाहिजे अशी अट!

आता आमच्यातील काही जण विचारतात, की घटना बाबासाहेबांनी लिहिली, मग तिच्यातील शब्द बदला असे आपण कसे म्हणावे? हा प्रश्न श्रद्धेचा आहे, म्हणून त्यास टाळाटाळीचे उत्तर देता येणार नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि हिंदू कोड बिल बौद्ध, जैन, शीख यांस लागू करण्याचे समर्थनही त्यांनी संसदेत केले, हे आम्ही लपवीत नाही. त्या वेळी त्यांच्यापुढे प्रश्न होता तो जातीजातींच्या व प्रांताप्रांतांच्या रूढी मोडून स्त्रियांना एक न्याय्य कायदा देण्याचा. ते १४ ऑक्टोबर १९५६ च्या आधीचे होते. घटनेत दुरुस्तीचे ३६८ वे कलमही त्याच मसुद्यात आहे, आणि १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती ते कायदेमंत्री असतानाच झाली. घटनेस पोथी मानून तिच्यापुढे उदबत्ती लावणे हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्या भगिनींचा आहे. ह्या कायद्यांमुळे एकपत्नीत्व आहे, घटस्फोट आहे, पोटगी आहे; २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा आहे. हिंदू नावाबरोबर हेही गेले तर? भगिनींनो, ही भीती रास्त आहे, आणि जो पुढारी तिला हसतो त्याच्यामागे जाऊ नका. आमची मागणी यांपैकी एकही हक्क सोडण्याची नाही. कलम २५ मधील स्पष्टीकरण गेल्याने १९५५-५६ चे कायदे आपोआप रद्द होत नाहीत. ते राहतील, पुढे त्यांच्या नावात व मजकुरात बौद्धांचा बौद्ध म्हणून उल्लेख करावा आणि बौद्ध विवाहविधीस स्पष्ट मान्यता द्यावी. मद्रास राज्याने १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात ७-अ हे कलम घालून पुरोहितावाचून होणाऱ्या स्वाभिमान विवाहांस मान्यता दिली. शिखांसाठी आनंद विवाह कायदा १९०९ पासून आहे आणि २०१२ साली त्यात नोंदणीची तरतूद झाली. देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक २०११ च्या जनगणनेत ज्या महाराष्ट्रात मोजले गेले, त्या महाराष्ट्रास हे का जमू नये?

शब्द काय असावेत तेही शोधावयास नकोत. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनर्विलोकन आयोगाने २००२ साली शिफारस केली, की दुसरे स्पष्टीकरण गाळावे आणि खंडात हिंदू, शीख, जैन व बौद्ध संस्थांचा स्वतंत्र नावांनी उल्लेख करावा. शिखांनी तर १९८४ साली दिल्लीत ह्या कलमाच्या प्रती जाळल्या होत्या. आम्ही घटना जाळणार नाही. तिच्यातच लिहिलेल्या मार्गाने तिची दुरुस्ती मागू. ह्या दुरुस्तीस राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागत नाही. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश मत, एवढे पुरते.

तोपर्यंत आपल्या हातचे काम आपण करावे. २०२७ च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असेच लिहवून घ्यावे. तसे लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही; १९९० पासून कायद्याने दोन्ही एकत्र नांदतात. आणि येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर प्रत्येक विहारात एक ठराव करावा, त्यावर स्त्री-पुरुषांच्या सह्या घ्याव्यात. उल्हासनगर व अंबरनाथच्या विहारांनी तो कल्याणच्या खासदारांकडे नेऊन द्यावा, बदलापूरच्या विहारांनी भिवंडीच्या खासदारांकडे. आणि पोच घेतल्यावाचून परतू नये.