चंद्रीनं पान्हा चोरला तेव्हा

मैत्रिणींनो, नवरा रिटायर होतो तेव्हा हार त्याच्या गळ्यात पडतो, पण नारळ मात्र आपल्या हातात येतो! हसू नका. ज्यांच्या घरी हा प्रसंग अजून यायचा आहे, त्यांनी तर मुळीच हसू नका.

आमचे ‘हे’ ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. ३४ वर्षं कचेरीत फायली लावल्या होत्या. घरी बसल्यावर आठवडाभरातच मोर्चा माझ्या फडताळाकडे वळला. डाळींचे डबे उंचीप्रमाणे लागले, मोहरीच्या जागी मेथ्या आल्या. गॅस एवढा मोठा का, कुकरला चार शिट्ट्या कशाला, ही चौकशी रोजचीच. शिवाय पहाटे पाचला उठून दाराशी दुधाच्या पिशवीची वाट बघत बसायचं आणि दूध पातेल्यात ओतताना म्हणायचं, “हे काय दूध आहे?”

एके दिवशी या चौकशांच्या नादात माझी फोडणी जळली आणि तोंडून निघून गेलं, “अहो, तुम्ही ऑफिसातच बरे होतात!”

ते काही बोलले नाहीत. डबे जागच्या जागी राहिले, चौकशा थांबल्या. मला वाटलं, सुटले बाई! पण चार दिवसांनी लक्षात आलं, हे आता दुधासाठीही उठत नाहीत. आठ वाजले तरी भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. जेवतात, पण मीठ कमी पडलं तरी बोलत नाहीत. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. कुरकुरणारा नवरा परवडतो हो, पण असा गप्प झालेला बघवत नाही.

पंधरा दिवस असेच गेले. मग नातवंडं येणार म्हणून बासुंदीचा बेत ठरला आणि मीच म्हटलं, “चला, गंगावेशीतून दूध आणू.” कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. आमच्याकडे दुधाचे कट्टे आहेत. गवळी म्हशी घेऊन तिथं येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. पंढरपुरी म्हशी त्या, खांद्यापलीकडे गेलेली तलवारीसारखी शिंगं!

“एवढ्या गर्दीत या दूध कशा देतात हो?” मी आपलं सहज विचारलं, आणि पंधरा दिवस मिटलेलं तोंड उघडलं.

“अगं, म्हशीच्या आचळात आयतं उतरलेलं दूध फार थोडं. ती निर्धास्त असली, पारडानं ढुसण्या दिल्या, ओळखीचा हात लागला, की मग पान्हा सोडते. भ्याली किंवा हात परका वाटला, की दूध चोरते. पंढरपुरी म्हैस त्यातल्या त्यात समजूतदार. सवय लावली तर रस्त्यातही धार देते. आमची चंद्री अशीच होती.”

कपाळावर पांढरा टिक्का म्हणून चंद्री. बारा वर्षांचे असल्यापासून तिचं सगळं यांच्याकडे. पहाटे वैरण टाकायची, सरकी भिजवून ठेवायची, धार काढायची आणि मग शाळा. ती व्यायली त्या रात्री हे गोठ्यातच पोतं अंथरून झोपले होते. चीक आधी पारडाला पाजायचा, उरला तर घरात खरवस, ही सासूबाईंची शिस्त. पुढे नोकरी लागली, हे कोल्हापूरला आले आणि चंद्रीनं खोडा घातला! आठ दिवस सासूबाईंना धड धार काढू देईना. शेवटी त्या यांचा जुना सदरा अंगात घालून बसल्या, तेव्हा कुठं चरवी भरली.

एवढं सांगून हे थांबले. मग हळूच म्हणाले, “ऑफिसात माझ्या खुर्चीवर दुसऱ्या दिवशी दुसरा बसला गं. कुणाचं काही अडलं नाही. चंद्रीनं मात्र आठ दिवस पान्हा चोरला होता.”

लग्नाला ३२ वर्षं झाली, पण ही सदऱ्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. कारण मी कधी विचारलंच नव्हतं! पहाटे पाचला उठणं, दुधाला नावं ठेवणं, याला मी किरकिर समजत होते.

म्हणून सांगते, निवृत्त माणसाला ‘आराम करा’ म्हणू नका. रोज ठरल्या वेळी करायचं काम द्या, आणि ते असं हवं, की हा माणूस आला नाही तर कुणीतरी वाट बघेल. रिकामा बसलाय म्हणून भाजी निवडायला दिलीत, तर ते त्याला बरोबर कळतं.

आता हे रोज पहाटे किटली घेऊन त्याच गवळ्याच्या गोठ्यावर जातात. वैरणीला हात लावतात, म्हशीच्या पाठीवर थाप मारतात, मग घरी येतात. धारोष्ण दुधाचं यांना कितीही कौतुक असो, मी मात्र ते चांगलं उकळल्याशिवाय कुणाला देत नाही. कच्च्या दुधातून जनावरांचे काही आजार माणसाला होऊ शकतात. तेवढं खातं माझ्याकडेच!

आणि डबे? ते अजून अधूनमधून हलतात. काल हिंगाची डबी साखरेच्या मागं सापडली. मी काही बोलले नाही.

तुमच्याकडे सासरे, वडील किंवा ‘हे’ घरी बसले असतील, तर आज चहाचा कप हातात देताना एवढंच विचारा, “तुमच्या घरच्या गाईचं नाव काय होतं हो?” आणि जरा टेका. चहा निवला तरी चालेल.