पराभवानंतरची वाट

परीक्षांचे निकाल लागले की आपल्या नांदेड-लातुराकडे कित्येक घरी पेढे वाटले जातात, आणि कित्येक घरी सुतक आल्यासारखी शांतता पसरते. ‘लातूर पॅटर्न’ने या भागाचे नाव सर्वत्र झाले, आणि त्यामागील अध्यापकांचे परिश्रम आदरास पात्र आहेत. परंतु प्रवेशाच्या यादीत नाव नाही एवढ्यावरून अठरा वर्षांच्या मुलाने जन्म व्यर्थ गेला असे मानावे, आणि वडीलधाऱ्यांच्या मौनाने त्याच्या समजुतीस बळकटी यावी, ही मोठी चिंतेची गोष्ट होय. अशा घरी नंदू नाटेकर यांचे चरित्र अवश्य सांगावे.

नंदकुमार महादेव नाटेकर यांचा जन्म १९३३ साली सांगलीस झाला. तरुणपणी ते टेनिस उत्तम खेळत. १९५१-५२ च्या सुमारास राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन् कृष्णन् यांनी त्यांस हरविले. कृष्णन् वयाने चार वर्षांनी लहान! हेच कृष्णन् पुढे १९६० व १९६१ साली विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले; परंतु त्या दिवशी हे कोणास ठाऊक होते? नाटेकरांनी त्यानंतर आपले सारे लक्ष बॅडमिंटनकडे वळविले.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १९५३ साली ते एकेरीत राष्ट्रीय विजेते झाले, आणि तो मान त्यांनी एकंदर सहा वेळा मिळविला. १९५४ साली ऑल इंग्लंड स्पर्धेत त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ साली सुरू झाली. तोपर्यंत ऑल इंग्लंडलाच तो मान होता. १९५६ साली क्वालालंपूर येथील सेलांगोर स्पर्धा त्यांनी जिंकली, आणि आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू म्हणून त्यांची गणना झाली. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्याच वर्षी तो त्यांस लाभला. त्यांचा खेळ बळापेक्षा कौशल्याचा. जाळीलगत अलगद टाकलेले फूल प्रतिस्पर्ध्यास चकवून जाई.

या साऱ्यात द्रव्यलाभ म्हणावा तर नव्हता. तो काळ हौशी खेळाडूंचा होता. ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनची पदके दिली जाऊ लागली ती १९९२ पासून.

कोणी म्हणेल, प्रत्येक अनुत्तीर्ण मुलगा काही नाटेकर होत नाही. मान्य आहे. परंतु वळावयास दुसरी वाट ठाऊक असेल, तरच माणूस वळू शकतो. आपण मात्र दहावीच्या आधीच मुलाची बॅट माळ्यावर टाकतो, तबला गुंडाळून ठेवतो, आणि दोन वर्षे शिकवणीवाचून त्यास काही दिसू देत नाही. मग तेथे ठेच लागली, तर बिचाऱ्याने पाहावे कोणीकडे?

नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यास निवर्तले. त्यांचे चिरंजीव गौरव यांनी टेनिसच हाती घेतले, आणि १९९४ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले. वडिलांनी सोडलेल्या वाटेने मुलगा गेला, आणि तोही यशस्वी झाला.

यंदा निकालाच्या दिवशी यादी पाहून झाल्यावर मुलास जवळ बसवून जेवू घालावे, आणि संध्याकाळी त्यास मैदानावर जाऊ द्यावे. पुढचा विचार उद्या करता येईल.