माथ्यांची यादी आणि बारीची वाट

डोंगरांविषयीच्या मराठी गद्याला एक सवय जडली आहे. ते पायथ्याशी सुरू होते, धापा टाकत माथ्यावर पोचते, तिथे इतिहासाचे दोन परिच्छेद सांगते आणि संपते. उतरण एका वाक्यात उरकली जाते. माथे एकाहून अधिक असले तर हीच आकृती तितक्या वेळा गिरवली जाते; मग 'एका दिवसात चार', 'दोन दिवसांत सात' असे आकडे लेखाच्या शीर्षकातच येऊन बसतात. ही उणीव केवळ शैलीची आहे असे आम्हांला वाटत नाही. ती पाहण्याची उणीव आहे, आणि तिचा प्रत्यय घ्यायचा तर देवळ्याच्या दक्षिणेला उभ्या असलेल्या सातमाळेत उन्हाळ्यातला एक दिवस वर्तुळाकार चालून पाहावा.

धोडप, कांचना, कोळदेर, राजदेर, इंद्राई हे किल्ले ज्या रांगेत ओळीने बसले आहेत ती सातमाळ म्हणजे एक पाणलोट-दुभाजक आहे. तिच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस गिरणेत, तिथून तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात जातो. दक्षिण उतारावरचा गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळतो. उत्तरेला देवळा-कळवण-सटाण्याच्या बाजूला अहिराणी कानावर पडते. रांग ओलांडून चांदवडकडे उतरले की बोलीचा बाज बदलू लागतो. या रांगेवरून वर्तुळ काढायचे म्हणजे ही सीमा दोनदा ओलांडायची, एकदा जाताना आणि एकदा येताना, आणि दोन्ही वेळा वेगळ्या बारीतून.

'बारी' हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. पुण्याकडच्या लेखनात ज्याला 'खिंड' म्हणतात त्याला या मुलखात बारी म्हणतात. कांचनबारी, भावडबारी, आणि उत्तरेच्या रांगेतली सेलबारी-डोलबारी ही नावे कुणी कागदावर बसून ठेवलेली नव्हेत. बाजाराला, सोयरिकीला, जत्रेला जाणाऱ्यांच्या पायांनी ती रूढ केली आहेत. गावकऱ्यांच्या लेखी डोंगराचे महत्त्वाचे ठिकाण माथा नसून बारी हे आहे. माथ्यावर गुराखी जातो तो हरवलेल्या जनावरामागे. बारीतून मात्र सगळा गाव जातो. या भागातली शिवकाळातली जी मोठी लढाई लोकांच्या स्मरणात आहे, दुसऱ्या सुरत स्वारीनंतर १७ ऑक्टोबर १६७० रोजी दाऊदखान कुरेशीशी झालेली, तिलाही कुणी कांचनाची लढाई म्हणत नाही. वणी-दिंडोरीची म्हणतात, नाहीतर कांचनबारीची.

चालण्याचा अनुभव याला दुजोरा देतो. आम्ही वैशाखात पहाटेच्या काळोखात उत्तरेच्या पायथ्यापासून निघालो, उजाडता उजाडता बारीत आलो आणि मग दिवसभर कधी धारेवरून, कधी कड्याखालच्या आडव्या वाटेने एकेक माथा घेत, सोडत गेलो. लाव्ह्याच्या थरांवर थर बसून घडलेल्या या डोंगरांत कडा आणि पदर एकाआड एक येतात. कडा अडवतो, पदर वाट देतो. त्यामुळे चढाईपेक्षा वळसाच अधिक घडतो, आणि वळसा घालताना लक्षात येते की धोडप सकाळी पाहिला तो दुपारी राहिलेला नाही. एका बाजूने तो मधोमध चौकोनी खाच पाडलेली लांबट काळी भिंत दिसतो. ती भिंत म्हणजे थरांना छेदून वर आलेला टणक डाइक. दुसऱ्या बाजूने भिंतीची फक्त जाडी नजरेस येते आणि तोच डोंगर शिवलिंगासारखा भासू लागतो. सरळ चढून सरळ उतरणाऱ्याला यांतले एकच रूप मिळते, आणि तेच खरे असे तो लिहून मोकळा होतो. कादंबरीतल्या पात्राला असे एकाच प्रसंगावरून मोजले तर आमचे समीक्षक त्या लेखकाला क्षमा करणार नाहीत.

यादीची परंपरा जुनी आहे, आणि ती कुणाची आहे हेही पाहण्यासारखे आहे. शहाजहानचा सरदार अलावर्दीखान याने १६३५-३६ च्या मोहिमेत या रांगेतले किल्ले घेतले. या मुलखातले फारसी शिलालेख त्या विजयाची नोंद करतात. जिंकलेल्या माथ्यांची नावे ओळीने मांडणे ही विजेत्याची गरज होती. १८१८ साली पेशवाई संपल्यावर कॅप्टन ब्रिग्जने इथल्या किल्ल्यांची पाहणी केली. पाणी कुठे, दरवाजे किती, चढ कसा, अशी ती नजर पुढे १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये मुरली आणि तिथून आमच्या दुर्गवर्णनांत उतरली. स्कॉटलंडमध्ये १८९१ साली ह्यू मन्रोने तीन हजार फुटांवरच्या शिखरांचा तक्ता छापला. त्या तक्त्यातली शिखरे 'पुरी' करण्याचा छंद तिथे आजही चालू आहे. खुद्द मन्रो मात्र आपला तक्ता पुरा न करताच १९१९ साली वारला. यादीचा उपयोग आम्ही नाकारत नाही. आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रे'सारखे पुस्तक नसते तर कित्येकांना वाट आणि पाणी सापडलेच नसते. पण वाट शोधण्याचे साधन हेच वाट सांगण्याचे रूप होऊन बसले, ही तक्रार राहतेच.

मराठी गद्याला याहून वेगळा वारसा आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. आमचे आद्य गद्य चालण्यातून जन्मले. 'लीळाचरित्र' हे एका सतत फिरणाऱ्या पुरुषाचे चरित्र आहे. महानुभावांनी 'अटन' हा आचारधर्मच मानला, आणि 'स्थानपोथी'ने चक्रधरांच्या मुक्कामाच्या जागा दिशांसह नोंदवल्या. तिथे जागेचे मोठेपण तिच्या उंचीवर ठरत नाही. तिथे कुणी बसले, कुणी कुणाशी बोलले, यावर ते ठरते. प्रदक्षिणेची कल्पनाही हाताशीच आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घालणारे हजारो लोक त्याला वळसा घालूनच परततात. वर चढणे त्यांना आवश्यक वाटत नाही. (श्रद्धेचा प्रश्न इथे बाजूला ठेवू; आम्ही बोलतो आहोत ते आकृतीविषयी.)

उन्हाळ्यात डोंगरात जाऊ नये, हंगाम पावसाळ्याचा आणि हिवाळ्याचा, असा सल्ला नेहमी दिला जातो. भरपूर पाणी बरोबर नसेल आणि दुपारी सावलीला थांबायची तयारी नसेल तर तो योग्यच आहे. तरी चैत्रोत्सवाला खानदेशातून सप्तशृंगीला पायी येणारे लोक मालेगाव-देवळा-कळवणच्या वाटेने भर उन्हातच चालतात, हे विसरू नये. शिवाय वैशाखात डोंगर वाचता येतो. गवत जळालेले असते, म्हणून जुनी वाट उघडी पडते. कोणत्या टाक्यात अजून पाणी आहे आणि कोणते नुसतेच शोभेचे, ते कळते. खाली शेततळ्यांचे चौकोन चमकत असतात, डाळिंबाच्या बागांचे हिरवे तुकडे दिसतात आणि उन्हाळ कांदा चाळीत भरण्याची घाई चाललेली असते. पावसाळी वर्णनातले 'हिरवे गालिचे' हे सगळे झाकून टाकतात. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्रा'त उन्हाळ्याच्या महिन्यांनाही इतर महिन्यांइतकीच जागा दिली. आमच्या डोंगरलेखकांनी तो पाठ घेतलेला दिसत नाही.

गो. नी. दांडेकरांनी 'दुर्गभ्रमणगाथा' लिहिली, तशीच 'माचीवरला बुधा'ही लिहिली. त्यांच्या मागून आलेल्यांनी दुर्ग घेतले आणि बुधा सोडून दिला. सातमाळेत याचा परिणाम स्पष्ट दिसतो. बाफळ्या, शिंगमाळ, हंड्या, लेकुरवाळी हे डोंगर किल्ले नाहीत; म्हणून त्यांच्यावर दोन ओळीही सहसा मिळत नाहीत. वास्तविक नावे पाहिली तर साहित्याच्या विद्यार्थ्याने आधी इथेच थांबावे. संतांनी विठ्ठलाला लावलेले विशेषण इथे कुणी एका डोंगराला स्त्रीलिंगी करून दिले आहे. ही खालून, रोज, शेतात वाकलेले असताना मान वर करून पाहणाऱ्यांची भाषा आहे. किल्ल्यांची नावे दप्तरांत टिकली. ही नावे मात्र फक्त बोलण्यात आहेत. देवळ्या-चांदवडची मुले आपल्या डोंगरावर निबंध लिहिताना 'रौद्र सह्यकडे' आणि 'बेलाग दुर्ग' हेच उसने शब्द आणत राहिली, तर ती बोलण्यातूनही जातील. वर्तुळाने चालणाऱ्याला निदान ती विचारावी लागतात, कारण किल्ल्यांमधली ही बिनइतिहासाची शिखरे त्याला टाळताच येत नाहीत.

संध्याकाळी उत्तरेला पुन्हा उतरलो तेव्हा कांद्याच्या चाळीपाशी काम करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "कथाईन उनात?" आम्ही उत्साहाने माथ्यांची नावे सांगू लागलो. बाबांनी ती ऐकून घेतली आणि विचारले, चढलात कोणत्या बारीने आणि उतरलात कोणत्या? दोन नावे सांगितली, तेव्हा त्यांना दिवसभराची सारी वाट कळली. मधल्या कोणत्या टाक्याचे पाणी आता पिण्याजोगे राहिले नसेल, हेही त्यांनी न विचारता सांगितले.