आकाशात टांगलेली भिंत

मंडळी, आज जरा भांडायचंय. विषय आहे सायन्स फिक्शन शूटर गेम्समधली परग्रहवासीयांची अजस्र विमानं. ढग बाजूला सारत येतात, सूर्य झाकतात, मागे धडामधुडूम संगीत सुरू होतं... आणि मग? मग ती नुसती लटकतात! आपण खालून चमकणारा भाग शोधायचा, फोडायचा, की लगेच दुसरा चमकायला लागतो. याला लढाई म्हणायचं? ही तर जत्रेतली फुगे फोडायची बंदूक झाली राव, फक्त फुगा मोठा.

माझं म्हणणं साधं आहे. शत्रू आकाराने मोठा होत नाही, वागण्याने होतो.

'क्रायसिस' घ्या. २००७ साली ग्राफिक्समध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. बेटावर कुठूनही शिरा, नॅनोसूट वापरून अदृश्य व्हा, हवी तशी वाट काढा. आणि शेवटी? विमानवाहू नौकेच्या डेकवर परग्रहवासीयांची प्रचंड युद्धनौका समोर ठाकते आणि हे सगळं स्वातंत्र्य हातातून जातं. डेकवर पळापळ करत वर गोळीबार करत राहायचं, बस्स! इतके तास जे शिकलो, त्याचा ऐन परीक्षेत उपयोग शून्य.

आता 'हाफ-लाइफ २' (२००४) मधलं कंबाइनचं गनशिप बघा. त्या युद्धनौकेपुढे हे म्हणजे चिलट. बंदुकीच्या गोळ्यांना दाद देत नाही, रॉकेटच लागतं. पण सरळ रॉकेट सोडलंत, तर हे महाशय तुम्हाला सोडून आधी रॉकेटच गोळ्या घालून पाडतात. मग डोक्यात प्रकाश पडतो: रॉकेट लेझरच्या ठिपक्यामागे जातं, तर ठिपका बाजूला न्यायचा आणि शेवटच्या क्षणी आत वळवायचा. शिवाय ते रॉकेटच्या मागे असतं तेव्हा आपल्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. नियम म्हणून पाहिलं तर एका ओळीचा: रॉकेट दिसलं की आधी ते पाड. पण त्या एका ओळीमुळे वाटतं, वर कुणीतरी आहे आणि ते आपल्याकडे बघतंय.

बरं, कमकुवत जागा असायलाच नको असंही नाही. तिला कारण हवं. 'अर्थ डिफेन्स फोर्स' ही जपानमध्ये स्वस्तातल्या गेम्सच्या रांगेत सुरू झालेली मालिका. तिच्या २००६ च्या गेममध्ये महाकाय मुंग्या टाकणारी जहाजं आहेत. बाहेरून कितीही मारा, ढिम्म. मुंग्या सोडायला खालचं दार उघडलं की तेवढ्यातच आत मारायचं. म्हणजे ते हल्ला करतं तेव्हाच सापडतं, आणि आपल्याला मुंग्यांच्या पावसाखाली उभं राहावं लागतं. याला म्हणतात डिझाइन!

कुणी म्हणेल, भव्यतेला काही किंमत आहे की नाही? आहे ना. 'हेलो: रीच' (२०१०) मधलं कोव्हेनंटचं सुपरकॅरियर इतकं मोठं आहे की त्यावर गोळ्या झाडण्यात अर्थच नाही. छोट्या जहाजावर चढायचं आणि त्यातून बॉम्ब तिथवर पोचवायचा. इथे आकार हीच अडचण आहे, म्हणून तो खरा वाटतो.

मला राग येतो तो आळसाचा. प्रोग्रॅमर म्हणून सांगतो, जहाज दसपट मोठं करणं सोपं आहे, त्याला शहाणं करणं अवघड. ट्रेलरमध्ये आकार दिसतो, शहाणपण दिसत नाही. म्हणून मेहनत कुठे जाते ते उघड आहे. आणि आपणही 'काय भव्य आहे!' म्हणत पाकीट उघडतो, आठवड्यातला एकुलता एक रविवार त्या भिंतीखाली घालवतो.

तेव्हा लोकहो, पुढचा ट्रेलर बघाल तेव्हा एकच प्रश्न विचारा: मी खाली काय करतोय, याने त्या विमानाला काही फरक पडतो का? नसेल पडत, तर सरळ सिनेमा बघा. स्वस्तात पडेल आणि दोन तासांत संपेल.